पर्यावरणाची गुणवत्ता मोजायची ती कोणत्या निर्णयासाठी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका शहराचा आणि भोवतालच्या प्रदेशाचा विकास आराखडा तयार होतोय. त्यासाठी हवा, पाणी, आवाज, उष्णता आणि हिरवं आच्छादन यांची आकडेवारी गोळा झाली आहे. त्यातून पर्यावरणाच्या गुणवत्तेचा एकच निर्देशांक काढून वॉर्डनिहाय नकाशा रंगवायचा आहे. कोणते निर्देशक, म्हणजे मोजायचे घटक, ठेवावेत आणि एकत्र करताना कोणाला किती भार, म्हणजे किती महत्त्व, द्यावं?

भारांकडे नंतर येतो. आधी हा आराखडा प्रत्यक्षात कोणकोणते निर्णय घेणार आहे, ते एका कागदावर लिहून काढा. आराखड्याने हवा शुद्ध होत नाही की नदी साफ होत नाही. वस्ती कुठे वाढू द्यायची, रस्ता कुठून न्यायचा, इमारती किती उंच आणि किती दाट, शाळा-दवाखान्यांच्या जागा कुठे, उद्योग कोणत्या बाजूला, कोणती जमीन मोकळी राखायची, हे तो ठरवतो. यातल्या प्रत्येक निर्णयापुढे विचारा: कोणता आकडा बदलला तर हा निर्णय बदलेल? ज्या आकड्याने एकही निर्णय हलत नाही, तो परिशिष्टात जाऊ द्या. बहुतेक मूल्यमापनं नेमकी उलट्या दिशेने होतात. हाताशी असेल ती आकडेवारी घ्यायची, तिचा निर्देशांक करायचा आणि पुढचं आराखडा करणाऱ्यांवर सोडायचं. असे नकाशे अहवालात छान दिसतात, पण भूवापराच्या प्रस्तावांत त्यांचा मागमूसही सापडत नाही.

दुसरी गोष्ट, तीन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळू देऊ नका. आज त्या जागेची स्थिती काय आहे? नव्या वस्तीचा किंवा बांधकामाचा ताण पडला तर ती जागा किती सोसेल? आणि बिघाडाची झळ कोणाला, किती जणांना बसते? ही तिन्ही उत्तरं एका रंगात दाखवली की गोंधळ सुरू होतो.

समजा, शहराच्या कडेला टेकड्यांचा उतार आहे. हवा स्वच्छ, झरे स्वच्छ, गोंगाट नाही, झाडी दाट. तुमच्या निर्देशांकात हा भाग पहिला येणार आणि नकाशावर गडद हिरवा दिसणार. बैठकीत तो नकाशा पाहणारा काय वाचतो? इथलं वातावरण उत्तम आहे, तेव्हा वस्ती इकडे वाढवावी. वास्तविक तो उतारच पावसाचं पाणी जमिनीत मुरवतो, तिथूनच रात्री थंड हवा खाली शहरात उतरते. स्थिती उत्तम आहे आणि नव्या बांधकामाला ती जागा अत्यंत नाजूक आहे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. म्हणून स्थितीचा नकाशा वेगळा आणि संवेदनशीलतेचा वेगळा ठेवा. दोन्हींच्या रंगसंगतीसुद्धा वेगळ्या ठेवा, म्हणजे घाईत पाहणाऱ्याची गल्लत होणार नाही.

जर्मनीतल्या श्टुटगार्ट शहराने हे फार आधी ओळखलं. शहर वाटीसारख्या खोलगट भागात वसलेलं, वारा कमी, त्यामुळे धूर आणि उष्णता कोंडून राहते. तिथल्या महापालिकेने १९३८ मध्येच हवामानतज्ज्ञ नेमला. पुढे शहर आणि आसपासच्या प्रदेशाचा हवामान-नकाशासंग्रह तयार झाला. थंड हवा कुठे तयार होते, कोणत्या घळीतून खाली वाहते, कुठे अडते, हे त्यात दाखवलं आहे आणि त्याच्या आधाराने उतारांवरच्या बांधकामांवर मर्यादा घातल्या गेल्या. त्या उतारांचं मोल तिथल्या स्वच्छ हवेत जेवढं आहे, त्याहून जास्त खाली राहणाऱ्यांच्या झोपेत आहे. वॉर्डनिहाय गुणांकनात हे मोल कधीच उमटत नाही, कारण लाभ एका वॉर्डात आणि त्याचा उगम दुसऱ्यात असतो.

आता एका आकड्याच्या मोहाबद्दल. दोन वॉर्ड घ्या, शंभरपैकी गुण द्या. पहिल्यात हवा २०, आवाज ८०, हिरवं आच्छादन ८५, पाणी ७५. दुसऱ्यात चारही घटकांना ६५. साधी सरासरी काढली तर दोन्ही वॉर्ड ६५ वर येतात. नकाशावर दोघांचा रंग एकच. पण पहिल्या वॉर्डातला माणूस दिवसभर वाईट हवा श्वासात घेतोय आणि झाडीचे चांगले गुण त्याची फुप्फुसं वाचवू शकत नाहीत. साध्या सरासरीचं गृहीतकच असं असतं की एका घटकातली उणीव दुसऱ्यातल्या चांगल्याने भरून निघते. आरोग्याला अपाय करणाऱ्या गोष्टींत हे गृहीतक टिकत नाही.

भूमितीय मध्य काढला, म्हणजे चारही गुणांचा गुणाकार करून त्याचं चौथं मूळ घेतलं, तर पहिला वॉर्ड ५६.५ पर्यंत खाली येतो आणि दुसरा ६५ वरच राहतो, म्हणजे थोडा फरक तरी दिसतो. मानव विकास निर्देशांकाने २०१० मध्ये साध्या सरासरीऐवजी भूमितीय मध्य स्वीकारला, त्यामागेही हाच विचार होता. सर्वांत वाईट घटकालाच निर्णायक मानलं तर पहिला वॉर्ड थेट २० वर येतो. अमेरिका आणि भारतासह अनेक देशांचे रोजचे हवा-निर्देशांक असेच चालतात: प्रत्येक प्रदूषकाचा उपनिर्देशांक काढतात आणि त्यातला सर्वांत वाईट जाहीर करतात. माझं मत स्पष्ट आहे. जिथे आरोग्याची मर्यादा ओलांडली जाते, तिथे सरासरी नको. आधी मर्यादेची चाळणी लावा आणि जो भाग कोणत्याही एका घटकात नापास होतो, तो त्या घटकाचं नाव लिहून वेगळा दाखवा. सरासरी काढायचीच असेल तर चाळणीतून पार झालेल्या भागांपुरती काढा.

गुण देण्याची पद्धतही तपासा. सर्वांत चांगल्या वॉर्डाला १०० आणि सर्वांत वाईटाला ० देऊन बाकीचे मध्ये बसवायचे, ही पद्धत सर्रास वापरली जाते, कारण सॉफ्टवेअरमध्ये ती एका क्लिकवर मिळते. समजा सूक्ष्म धूलिकणांची, म्हणजे पीएम २.५ ची, वार्षिक सरासरी तुमच्या वॉर्डांत ४० ते ६० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे. ४० वाल्याला पूर्ण १०० गुण मिळतील. जागतिक आरोग्य संघटनेचं २०२१ चं मार्गदर्शक मूल्य ५ आहे, म्हणजे हा पहिला आलेला वॉर्डसुद्धा त्याच्या आठपट वर आहे. शिवाय पाच वर्षांनी सगळेच वॉर्ड थोडे सुधारले किंवा हद्दीत दोन नवे आले, तर सगळ्यांचे गुण बदलतात आणि जुन्या-नव्या नकाशांची तुलना बाद होते. गुण नेहमी ठरलेल्या मानकाशी किंवा मार्गदर्शक मूल्याशी बांधा, शेजाऱ्याशी नको.

आवाजाच्या बाबतीत सरासरीचा घोळ आणखी वाढतो, कारण डेसिबल ही लॉगॅरिदमिक मोजपट्टी आहे. अर्ध्या वेळेस ५० आणि अर्ध्या वेळेस ७० डेसिबल असेल तर सरासरी ६० नसते. ऊर्जेच्या हिशेबाने ती सुमारे ६७ येते. तसंच ६० डेसिबलचे दोन स्रोत एकत्र आले तर १२० होत नाहीत, ६३ होतात. रकान्यातल्या आकड्यांची सरळ सरासरी काढलेली मी अनेक अहवालांत पाहिली आहे आणि ती चूक नेहमी एकाच दिशेने जाते, आवाज कमी दाखवण्याच्या. रात्रीचा आकडा वेगळा ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०१८ मध्ये रस्त्यावरच्या वाहतुकीसाठी दिवस-संध्याकाळ-रात्र यांच्या भारित सरासरीला ५३ आणि रात्रीला ४५ डेसिबल ही मूल्यं सुचवली, ती संदर्भासाठी उपयोगी आहेत.

पुढचा मुद्दा मोजमापाच्या एककाचा, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. वॉर्डाची हद्द प्रशासनाने आखलेली असते. हवा, पाणी आणि आवाज ती ओळखत नाहीत. वाहनांच्या धुरातला नायट्रोजन डायऑक्साइड वर्दळीच्या रस्त्यालगत जास्त असतो आणि काही शे मीटरांत आजूबाजूच्या पातळीला येतो. वॉर्ड दोन किलोमीटर रुंद असेल तर त्याच्या सरासरीत रस्त्याकडेची पट्टी पुरती पुसली जाते. तुमचा निर्णय शाळेची जागा ठरवण्याचा असेल तर नेमकी तीच पट्टी तुम्हाला हवी होती. हद्दी बदलल्या की निष्कर्षही बदलतात, ही भूगोलातली जुनी अडचण आहे. ती पूर्ण सुटत नाही, पण तपासता येते. तेच विश्लेषण वॉर्डांवर, चौकोनी जाळीवर आणि पाणलोट क्षेत्रांवर करून पाहा. तिन्हींमध्ये जे भाग वाईट ठरतात, त्यांच्याबद्दल खात्रीने बोलता येईल.

हवा मोजणारी केंद्रं सहसा मोजकी असतात. तीन-चार केंद्रांमधल्या आकड्यांवरून अख्ख्या शहराचा गुळगुळीत नकाशा संगणक आनंदाने काढून देतो. त्यात केंद्रांभोवती गोल गोल वलयं दिसली तर समजा की तो नकाशा प्रदूषणाचा नाही, केंद्रांच्या जागांचा आहे. त्यापेक्षा शहरभर साध्या डिफ्यूजन नळ्या, म्हणजे हवेतला वायू आपोआप शोषून घेणाऱ्या छोट्या नळ्या, लावा. त्यांना वीज लागत नाही, दोन ते चार आठवड्यांची सरासरी मिळते. मग रस्त्यापासूनचं अंतर, वाहनांची संख्या, इमारतींची घनता यांच्याशी त्या आकड्यांचं नातं बसवा. या पद्धतीला भूवापर प्रतिगमन म्हणतात. आराखडा करणाऱ्यांसाठी तिचा मोठा फायदा असा की ती भूवापराच्याच भाषेत बोलते. प्रस्तावित रस्ता त्यात टाकून पुढचा अंदाजही बांधता येतो, अर्थात त्या अंदाजाच्या मर्यादा लिहून.

पाण्यासाठी एकक पाणलोट क्षेत्रच हवं, यावर तडजोड नको. अमेरिकेतल्या ओढ्यांच्या अभ्यासांतून १९९० च्या दशकात एक आडाखा पुढे आला: पाणलोटाचा साधारण १० टक्के भाग छपरं, डांबर आणि काँक्रीटने झाकला गेला की ओढ्याचं आरोग्य बिघडू लागतं आणि २५ टक्क्यांच्या पुढे ते बहुधा गंभीर होतं. माती, उतार आणि पावसानुसार हे आकडे सरकतात, तेव्हा त्यांना नियम मानू नका. पण आराखड्याच्या दृष्टीने हा निर्देशक फार कामाचा आहे, कारण तो थेट तुमच्या हातातला आहे. घनता आणि मोकळ्या जागांचे नियम ठरवताना तुम्ही हाच टक्का ठरवत असता.

नमुना कधी घेतला, तेही पाहा. तुमच्याकडे नदीचे विरघळलेल्या ऑक्सिजनचे आकडे असतील तर नोंदवहीत वेळ शोधा. पाण्यात शेवाळ माजलं असेल तर दुपारी ते प्रकाशसंश्लेषणाने भरपूर ऑक्सिजन सोडतं. त्या वेळी बाटली भरली तर प्रयोगशाळा उत्तम आकडा देते. रात्री तेच शेवाळ ऑक्सिजन खातं आणि पहाटे पातळी तळाला जाते. मासे मरतात ते पहाटे. कार्यालयीन वेळेत घेतलेले नमुने हा तळ कधीच पकडत नाहीत. पहाटेचा नमुना शक्य नसेल तर तळाचे किडे पाहणारा जीवशास्त्रज्ञ सोबत घ्या. स्वच्छ पाण्यातच टिकणाऱ्या मेफ्लाय आणि स्टोनफ्लाय या कीटकांच्या अळ्या तिथे आहेत की फक्त घाण सोसणारे लाल जंत उरलेत, यावरून गेल्या काही महिन्यांचा हिशेब कळतो. बाटली फक्त त्या क्षणाचं सांगते.

उपग्रहाच्या उष्णतेच्या नकाशांबद्दल अशीच सावधगिरी हवी, कारण ते फुकट मिळतात आणि दिसायला फार पटणारे असतात. लँडसॅट उपग्रह सकाळी दहाच्या आसपास डोक्यावरून जातो. शहर आणि गावाच्या हवेच्या तापमानातला फरक मात्र सहसा रात्री जास्त असतो. शिवाय उपग्रह पृष्ठभागाचं तापमान पाहतो, माणसाभोवतालच्या हवेचं नाही. लँडसॅट ८ च्या उष्णता-संवेदकाचं मूळ पिक्सेल १०० मीटरचं आहे. ते ३० मीटरचं करून दिलं जातं, पण त्याने तपशील वाढत नाही. यातली एक खोच मला विशेष महत्त्वाची वाटते. रंग न दिलेला चकचकीत पत्रा उष्णता कमी उत्सर्जित करतो, म्हणून उष्णतेच्या प्रतिमेत तो प्रत्यक्षापेक्षा थंड दिसू शकतो. म्हणजे पत्र्याच्या छपरांची दाट वस्ती नकाशावर बऱ्यापैकी थंड आणि आत राहणारी माणसं उकाड्याने हैराण, असं घडू शकतं. अशा भागांत हवेच्या तापमानाचे साधे नोंदक घराबाहेर आणि शक्य असेल तिथे घरातही लावा, आणि रात्रीचे आकडे घ्या. एखाद्या वस्तीला उष्णतेच्या योजनेतून वगळण्याचा निर्णय केवळ उपग्रहाच्या चित्रावर घेऊ नये, असं मी आग्रहाने सांगेन.

हिरव्या आच्छादनाचं थोडक्यात सांगतो. उपग्रहाचा वनस्पती-निर्देशांक झाड, हिरवळ, उभं पीक आणि जलपर्णीने झाकलेलं तळं यांना एकाच हिरव्या रंगात मोजू शकतो. तळं गुदमरतंय आणि निर्देशांक वाढतोय, असंही होतं. लोकांच्या उपयोगाचं काय, हे बघायचं तर पोहोच मोजा. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाचा आडाखा आहे की घरापासून ३०० मीटरांत किमान अर्धा ते एक हेक्टर सार्वजनिक हिरवी जागा असावी. ते अंतर सरळ रेषेत धरलेलं आहे. तुम्ही मात्र प्रत्यक्ष चालत जाण्याच्या वाटेने आणि फाटकापर्यंत मोजा. मध्ये रेल्वेमार्ग असेल तर समोर दिसणारी बाग कधी कधी दीड किलोमीटर लांब पडते.

आता भार. लूना लिओपोल्ड आणि सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षण संस्थेसाठी परिणाम मोजण्याचा एक प्रसिद्ध तक्ता मांडला. एका बाजूला १०० कृती, दुसऱ्या बाजूला पर्यावरणाचे ८८ घटक, म्हणजे ८,८०० चौकटी. इतका मोठा तक्ता कोणी पूर्ण भरावा असं मी म्हणणार नाही. पण त्यातली एक शिस्त आजही घेण्यासारखी आहे. प्रत्येक चौकटीत दोन आकडे लिहायचे, परिणाम किती मोठा आणि तो किती महत्त्वाचा. पहिला आकडा मोजणाऱ्याचा, दुसरा समाजाच्या मूल्यांचा. भार म्हणजे हा दुसरा आकडा. तो तुम्ही आणि मी संगणकासमोर बसून ठरवणं योग्य नाही. तज्ज्ञांकडून जोड्यांची तुलना करून घेण्याची विश्लेषणात्मक श्रेणी पद्धत लोकप्रिय आहे. तिच्यात उत्तरांची सुसंगती तपासली जाते आणि विसंगतीचं गुणोत्तर ०.१ च्या आत असलं की सगळे निश्चिंत होतात. पण त्यातून एवढंच कळतं की उत्तर देणारा स्वतःशी विसंगत बोलला नाही. पाच तज्ज्ञ एकाच विषयाचे असतील तर भार सुसंगत तरीही एकांगी येतील.

भार ठरण्यापूर्वी निर्देशकांची आपसातली सहसंबंधांची सारणी काढा, म्हणजे कोणते आकडे एकमेकांबरोबरच वाढतात-घटतात ते कळेल. नायट्रोजन डायऑक्साइड, रस्त्याचा आवाज आणि वाहनांची घनता हे तिन्ही घेतले असतील तर तुम्ही वाहतुकीलाच तीनदा मोजलं आहे. मग कागदावरचे भार काहीही असोत. यातले कोणते ठेवायचे ते पुन्हा निर्णयाच्या यादीकडे पाहून ठरवा. नंतर प्रत्येक भार पाव हिश्श्याने वर-खाली करून क्रमवारी पुन्हा काढा. जे वॉर्ड तरीही जागचे हलत नाहीत, त्यांच्याबद्दल ठाम बोला. जे सतत वर-खाली होतात, त्यांना नकाशावर रेघारेघांचा पोत द्या आणि सूचीमध्ये कारण लिहा. बैठकीत अनिश्चितता दाखवली तर नकाशाचं वजन कमी होईल, अशी भीती तरुण सहकाऱ्यांना वाटते. माझा अनुभव उलट आहे. जिथे शंका आहे ते स्वतः दाखवणाऱ्याचं बाकीचं म्हणणं लोक अधिक गांभीर्याने घेतात.

झळ कोणाला बसते, हा तिसरा नकाशा. प्रदूषणाची पातळी आणि लोकसंख्या एकत्र पाहिल्याशिवाय प्राधान्य ठरत नाही. समजा, एका औद्योगिक पट्ट्यात पातळी ७० आहे आणि तिथे पाच हजार लोक राहतात. जुन्या दाट वस्तीत पातळी ५० आहे आणि दोन लाख लोक. स्थितीच्या नकाशावर पहिला भाग लाल, म्हणून सगळा निधी तिकडे जाईल. एकूण आरोग्यहानी मात्र दुसरीकडे जास्त असणार. तरीही पहिल्या पाच हजारांना वाऱ्यावर सोडता येत नाही, कारण त्यांच्यापैकी प्रत्येकाला असलेला धोका मोठा आहे. म्हणून माणशी धोका आणि एकूण आरोग्यहानी हे दोन्ही आकडे शेजारी ठेवा. लहान मुलं, वृद्ध आणि दिवसभर उघड्यावर काम करणारे यांची संख्या त्यात वेगळी दाखवा. राहण्याच्या पत्त्यावरूनच हिशेब केला तर रस्त्याकडेला बारा तास बसणारा विक्रेता त्याच्या घराच्या वॉर्डात मोजला जातो आणि त्याला बसणारी झळ हिशेबातून सुटते.

तेव्हा तुमच्या हातातल्या आकडेवारीचं काय करायचं, तर एका निर्देशांकाऐवजी तीन नकाशे आणि एक तक्ता द्या. स्थितीचा नकाशा मानकांशी बांधलेला, नापास घटकाच्या नावासकट. संवेदनशीलतेचा नकाशा पाणलोट, उतार आणि हवेच्या वाटांवर आधारलेला. झळीचा नकाशा लोकसंख्येसह. आणि तक्त्यात प्रत्येक प्रस्तावित भूवापरापुढे कोणत्या आकड्यामुळे तो मंजूर, सशर्त किंवा नामंजूर, हे एका ओळीत. हा तक्ता मसुदा जाहीर होण्याआधी तयार हवा. भूवापर ठरून गेल्यावर केलेलं मूल्यमापन फक्त समर्थनासाठी वापरलं जातं. आराखडे आणि कार्यक्रम यांचं पर्यावरणीय मूल्यमापन ते स्वीकारण्याआधी झालं पाहिजे, असं युरोपीय संघाने २००१ च्या निर्देशातच बंधनकारक केलं.

मोजमापाच्या प्रत्येक जागेची नोंद अशी ठेवा की पाच वर्षांनी दुसरा माणूस त्याच जागी, त्याच ऋतूत, त्याच उंचीवर आणि त्याच उपकरणाने मोजू शकेल. संवेदक स्वस्त असतील तर ते आधी प्रमाणित केंद्राशेजारी काही आठवडे ठेवून त्यांचा फरक नोंदवा. दमट हवेत यातले अनेक संवेदक धूलिकण वाढवून दाखवतात, त्यामुळे आर्द्रतेचा रकाना सोडू नका. सध्याच्या यादीत रात्रीचं तापमान, रात्रीचा आवाज आणि पहाटेचा ऑक्सिजन नसेल, तर भारांची चर्चा थांबवून आधी ही तीन मोजमापं करून घ्या.